गवा किती मीटरवर उभा होता?

दाजीपूरच्या जंगलात, डिसेंबरातल्या एका सकाळी पावणेसातला, एक गवा आमच्याकडे रोखून बघत उभा होता आणि मी वहीत लिहिलं, ‘८० मीटर’. परतताना आमच्यातल्या एका पोराला काय हुक्की आली, त्यानं सॅकमधून टेप काढली. गवा ज्या जांभळाखाली उभा होता, तिथपर्यंत १३४ मीटर भरले.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. जॉब दोन शतांश मिलिमीटरनं जाड निघाला तर पोरांना परत मशिनवर चढवायला लावतो. आणि इथं ५४ मीटर गिळून बसलो होतो. गाडीत कुणी काही बोललं नाही. राधानगरीत चहाला थांबल्यावर मात्र त्याच पोरानं विचारलंच, “मालक, कारखान्यात पण असंच मोजत्यात व्हय?”

हे मोजायचं कशाला, तर प्राण्यांच्या पाहणीसाठी. ठरलेल्या सरळ रेषेवरून, साधारण दोन किलोमीटर, आवाज न करता चालायचं. प्राणी दिसला की तीन गोष्टी लिहायच्या: किती होते, किती अंतरावर, आणि आपल्या रेषेशी किती अंशात. अंतराला कोनाच्या साइननं गुणलं की प्राणी रेषेपासून किती बाजूला होता ते मिळतं. ९० मीटरवर, ४० अंशात दिसला तर ५८ मीटर. अशा पुष्कळ नोंदी जमल्या की रानात प्राणी किती दाट आहेत याचा हिशेब निघतो. आता समजा मी सगळीच अंतरं एक तृतीयांशानं कमी लिहिली. मग गणिताला वाटतं, एवढ्याशा अरुंद पट्ट्यात एवढे प्राणी दिसले! ६० गव्यांचे ९० होतात. रानात एक वासरू न जन्मता.

घरी येऊन जुनी वही उघडली. ५०, १००, १००, ८०, १५०, ५०, १००. गवे काय मैलाच्या दगडाला टेकून उभे राहतात? डोळ्याला गोल आकडे आवडतात, एवढंच त्या वहीवरून कळत होतं. त्याच रात्री ठरवलं की अंतर मोजायचं स्वतःचं यंत्र घ्यायचं. पाहणीत एक यंत्र असायचं, पण ते एकाच्या गळ्यात. बाकीचे आमच्यासारखे अंदाजपंचे.

पहिलं यंत्र घरातच होतं. शेडची मापं घ्यायला म्हणून घेतलेला, काँट्रॅक्टर लोक वापरतात तसला लेझर मीटर. ६० मीटरपर्यंत मोजतो आणि चूक फार तर दोन मिलिमीटरची. दोन मिलिमीटर म्हटल्यावर माझ्यासारख्याला गुदगुल्या होतात. रविवारी रंकाळ्यावर घेऊन गेलो. सकाळचं ऊन वर आलेलं, आणि तो लाल ठिपका वीस मीटरच्या पुढं कुठं पडलाय ते दिसेनाच. खोलीच्या भिंतीसाठी केलेली वस्तू ती, भिंतीसाठीच चांगली. बायको म्हणाली, “आधी विचारायचं तरी कुणाला.”

विचारायला कोल्हापुरात माणूस कोण? सर्वेक्षणाची उपकरणं विकणाऱ्यांकडं गेलो, तर त्यांच्याकडं टोटल स्टेशन, म्हणजे जमिनीच्या मोजणीचं मोठं यंत्र. तिपाईवर बसवायचं, लाखांत किंमत. कॅमेऱ्याच्या दुकानात गोल्फवाल्यांचा अंतर मोजायचा एक नग काचेच्या कपाटात पडून होता, त्यावर धूळ. शेवटी दोन महिने रात्री जेवण झाल्यावर वाचत बसलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. मला हवं असलेलं यंत्र बाहेरच्या देशांत तयार होतं, आणि ते होतं शिकाऱ्यांसाठी.

जरा चमत्कारिक वाटलं. दाजीपूर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकारीला चाप बसला, आणि गवा तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. म्हणजे शिकार थांबली म्हणून जे रान टिकलं, तिथले गवे मोजायला मी शिकाऱ्याचं हत्यार शोधत होतो. हत्यार म्हणणंही बरोबर नाही. यात ना नळी, ना गोळी. नुसती एका डोळ्यानं बघायची छोटी दुर्बीण आणि एक बटण.

पण शिकाऱ्याची अडचण आणि माझी अडचण एकच आहे, हे कळल्यावर निवड सोपी होत गेली. अमेरिकेत, जिथं परवाना काढून हरणांची शिकार करतात, तिथं लांबून नेम धरणाऱ्याला अंतर नेमकं लागतं, कारण गोळी सरळ जात नाही, पडत जाते. ६०० यार्डांच्या पुढं अंतरात ५० यार्डांची चूक झाली तर गोळी फूट-दीड फूट वर-खाली जाते. म्हणजे नेम चुकतो, किंवा त्याहून वाईट, जनावर जखमी होऊन पळतं. त्यालाही संधिप्रकाशात, झाडीतून, उतारावरून, गडद कातडीच्या आणि न थांबणाऱ्या जनावराचं अंतर हवं असतं. मलाही तेच. पुढचं काम तेवढं वेगळं. तो चाप ओढतो, मी पेन काढतो.

यंत्र चालतं कसं ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिथंच आहे. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणाऱ्या लेझरचे ठोके सुटतात. बहुतेक यंत्रांत ९०५ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. ठोका समोर आपटून परत येतो आणि यंत्र वेळ मोजतं. उजेड एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. १०० मीटरवर जाऊन परत यायला त्याला ६६७ नॅनोसेकंद लागतात. एवढी वेळ मोजणारं घड्याळ मुठीत मावतं याचं मला अजून नवल वाटतं. अचूकता साधारण एक मीटर इकडे-तिकडे. आधी मी नाक मुरडलं. मग आठवलं की मी ५४ नं चुकलो होतो.

आता खोक्यावरचा आकडा. ‘१००० यार्ड’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. यार्डाचे मीटर करा, ९१४ होतात, तिथंच पहिली काटछाट. शिवाय तो आकडा चकचकीत परावर्तकाचा असतो, रस्त्याकडेच्या पाटीसारख्या वस्तूचा. झाडाचा आकडा त्याहून बराच कमी, आणि हरणाचा कित्येकदा निम्म्यावर. चांगल्या कंपन्या तिन्ही आकडे वेगवेगळे छापतात. जिथं एकच मोठा आकडा असेल तिथं मी पान उलटायचो. फाउंड्रीवाला नुसतं वजन सांगतो आणि आतली पोकळी सांगत नाही, तसला प्रकार तो.

पुतण्यानं ऑनलाइन एक मागवलं. गोल्फचं, पण “काका, प्राण्यांना पण चालतंय, लिवलंय तिथं.” नऊ हजारांच्या आत. दिसायला छान, ‘लॉक’ झालं की हातात थरथरायचं. मी ठरवलं की याची परीक्षा गव्यासारख्याच जनावरावर घ्यायची. आणि काळं, मोठं, गव्याच्या जवळपास जाणारं जनावर कोल्हापुरात शोधावं लागत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध प्यायला मी तसाही जातो. तिथल्या एका गवळ्याच्या म्हशी प्रयाग चिखलीकडच्या माळावर चरायला असतात. तिकडं गेलो.

लांबून मला दुर्बीण रोखलेली बघून तो गवळी आला. “काय वं, म्हसरं मोजायलाय व्हय?” मी म्हटलं, अंतर मोजतोय. त्याला वाटलं, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात त्यासाठी काही नवीन निघालंय. मग त्यानं आपली लाडकी म्हैस हाक मारून पुढं बोलावली आणि ती खरंच कळपातून निघून आली. माझं मोजायचं अंतर शून्यावर आलं. अर्धा तास तिच्या शिंगांची तारीफ केल्यावर काम पुढं सरकलं.

उघड्या माळावर यंत्र बरं चाललं. दोनशे मीटरपर्यंत म्हैस सापडायची. पण म्हशी बाभळीच्या मागं गेल्या आणि खेळ संपला. ६१, ६१, ६२. ती बाभळ होती. म्हशी तिच्यामागं चांगल्या लांब. यात यंत्राची चूक नव्हती. गोल्फमध्ये झेंड्याची काठी पुढं असते आणि मागं झाडी, म्हणून ते यंत्र मुद्दाम सगळ्यात जवळचा परतलेला ठोका धरतं. शिकाऱ्याचं यंत्र उलटं. त्याच्यापुढं गवत, फांद्या, पानं आणि मागं जनावर, म्हणून ते सगळ्यात लांबचा ठोका धरतं. गोल्फचं घ्यायचं की शिकारीचं, हा प्रश्न नावाचा किंवा किमतीचा नाही, हा या एका गोष्टीचा आहे. निकॉनसारख्या काहींच्या मॉडेलांत दोन्ही पद्धती असतात आणि बटणानं बदलता येतात. मला हेच हवं, असं तिथंच माळावर ठरलं. दाजीपुरात पुढं पानं असतातच, पण गव्याच्या मागं पण झाड असतं, आणि लांबचं धरणारं यंत्र गव्याला सोडून त्या झाडाचा आकडा देऊ शकतं. दोन्ही करून बघता आलं पाहिजे.

त्या नगात खरा दोष मात्र निघाला, आणि तो काढला लेथवाल्यानं. दुर्बिणीतली खूण जिथं दिसते, किरण तिथंच जातोय कशावरून? माळाच्या कडेला विजेचा एकटा खांब होता, मागं मोकळं आभाळ. यंत्र काठीवर टेकवलं, बटण दाबून धरलं आणि खूण डावीकडून उजवीकडं हळूहळू खांबावरून नेली. मागं काहीच नसल्यानं आकडा फक्त खांब लागल्यावर येणार. आकडा आला तेव्हा खूण खांब ओलांडून चांगली पुढं गेलेली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. उजवीकडून आणलं तर खांबाला पोचायच्या आधीच आकडा. म्हणजे किरण खुणेच्या डाव्या अंगाला सरकलेला. फार मोठी चूक नव्हे ती, पण १५० मीटरवर गव्याच्या छातीवर धरलं तर किरण शेजारच्या झुडपात. कंपनीला फोन केला तर पलीकडची पोरगी म्हणाली, “सर, बॅटरी बदलून बघा.” चार फोन, दोन ईमेल आणि सतरा दिवसांनी पैसे परत आले. ही खांबाची परीक्षा कुणीही करावी. दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

यावरून किरणाच्या रुंदीकडं लक्ष गेलं. किरण सुईसारखा नसतो, तो पसरत जातो. दोन मिलिरेडियन पसरणारा किरण १०० मीटरवर २० सेंटीमीटरचा ठिपका होतो, ५०० मीटरवर एक मीटरचा. गवा खांद्याला सहा फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे लक्ष्य पुरेसं मोठं. भेकरासारखं लहान हरण असतं तर मी महागातलं घेतलं असतं. खरा प्रश्न हाताच्या कंपाचा होता, आणि त्यावर उपाय फुकटातला. चालायची काठी, तिच्यावर मूठ, मुठीवर यंत्र.

जुलैत तिसऱ्या प्रकारचं यंत्र हातात आलं, एका मित्राचं, दोन दिवसांपुरतं. तो डोंगरात भटकणारा. पन्हाळ्यावर नेलं. सज्जा कोठीजवळून खालच्या वावरांकडं धरलं, तर चहूकडं ११ मीटर, १२ मीटर, ११ मीटर. तटबंदीकडं ११. आभाळाकडंसुद्धा ११! धुकं मोजत होतं ते. पाण्याचे बारीक थेंबच उजेड परत पाठवतात. त्या यंत्रात पावसासाठी वेगळी सोय होती, जवळचे ठोके सोडून द्यायची. ती लावल्यावर विरळ धुक्यात आकडे यायला लागले. दाट धुकं उतरलं तेव्हा त्यानं नुसत्या रेघा दाखवल्या. मला ते आवडलं. दिसत नसताना आकडा ठोकून देणारी माणसं पण मी पाहिलीत.

तासाभरानं मोकळं झालं तेव्हा उताराची गंमत बघितली. खाली एका पत्र्याच्या शेडचं अंतर ४१२ मीटर, झुकाव २७ अंश, आणि यंत्रानं स्वतःच आडवं अंतर काढून दाखवलं, ३६७. शिकाऱ्याला ते लागतं, कारण गोळीची घसरण बरीचशी या आडव्या अंतरावर ठरते. मला लागतं, कारण नकाशा आडवाच असतो. कॉलेजात न गेलेल्या माणसाला कोसाइन खिशात घेऊन फिरता येतो, याचे दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. पडले जास्तच.

गोळीचं वजन आणि वेग भरून किती वर धरायचं ते सांगणारी मॉडेलं पण असतात. ती लगेच बाजूला काढली. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतच अंतरमापक असलेली जर्मन आणि ऑस्ट्रियन यंत्रं बघितली. त्या पैशात दुचाकी येते. झाडाची उंची मोजणारं, वनखात्याच्या लोकांना आवडणारं निकॉनचं ‘फॉरेस्ट्री प्रो’ मनात भरलं होतं, पण मला झाडं मोजायची नव्हती आणि खिसा नाही म्हणत होता.

राहिला संध्याकाळचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. वाचताना एक उलटी गोष्ट कळली होती: ही यंत्रं भर उन्हापेक्षा ढगाळ हवेत, संध्याकाळी जास्त लांबचं मोजतात, कारण उन्हातच इतकं अवरक्त असतं की परत आलेला ठोका त्यात हरवतो. छान. गवे पण उजाडता-मावळताच बाहेर पडतात. पण स्वस्त यंत्रांत आकडे काळे असतात, घड्याळातल्यासारखे. संध्याकाळी साडेसहाला काळ्या म्हशीवर खूण धरली की काळी खूण काळ्या म्हशीत बुडून जाते. आकडा येतो, पण वाचायचा कसा? मी यंत्र तसंच आभाळाकडं वळवून आकडा वाचायला जायचो, तोवर तो विझायचा. लाल, स्वतः उजळणारे आकडे हवेत. आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, नाहीतर ते पहाटे डोळा दिपवतात आणि जनावर दिसेनासं होतं. या एका सोयीसाठी मी सहा हजार जास्त दिले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

ऑक्टोबरात पुण्याला कामासाठी गेलो तेव्हा दुर्बिणींच्या एका दुकानात शिरलो. दुकानदार म्हातारा, शांत. मी सांगितलं, घेईन, पण आधी बाहेर नेऊन खांबावर धरून बघणार. तो म्हणाला, “बघा की.” फुटपाथवर उभा राहून रस्त्यापलीकडच्या खांबांवरून, झाडांवरून, एका काळ्या मोटारीवरून धरलं. मोटारीच्या काळ्या चकचकीत दारानं तिरकस धरल्यावर दाद दिली नाही, चकचकीत वस्तू उजेड भलतीकडंच फेकते. पंचगंगेतून नुकत्या निघालेल्या ओल्या म्हशीचा मला आलेला अनुभवही तसाच होता. कोरडी म्हैस दुपटीनं लांबून सापडायची. एकूण तीन नग बघितले, तिसरा घेतला. साडेबावीस हजार. सहा पट मोठं दिसतं, लाल आकडे, जवळचं-लांबचं दोन्ही, झुकाव, मीटर आणि यार्ड. नाव लिहीत नाही, वर्षभरात मॉडेलं बदलतात आणि लोक नावच धरून बसतात.

बॅटरीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यात सीआर-२ नावाची बुटकी ३ व्होल्टची लागते. राधानगरीत किराणा दुकानात मागितली तर त्यानं रिमोटची दिली. कोल्हापुरात फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळाली. आता सॅकेत दोन जास्तीच्या असतात, प्लॅस्टिकच्या डबीत, तंबाखूच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डबीत.

डिसेंबरात पुन्हा पाहणी लागली. सोबतच्या वनरक्षकानं गळ्यातलं यंत्र बघून पहिला प्रश्न केला, “हे बंदुकीवर लावत्यात न्हवं?” बरोबर प्रश्न आहे आणि त्यानं तो विचारायलाच हवा. त्याला हातात दिलं, बसवायला कुठं जागाच नाही हे दाखवलं. मग त्यानं स्वतःच चार झाडं मोजली आणि पाचव्याला परत दिलं. डोळ्याला इजा होते का, हे पण विचारलं. ही यंत्रं पहिल्या वर्गाच्या लेझरची असतात, नीट वापरली तर डोळ्याला धोका नाही. तरी माणसाच्या तोंडावर धरू नये, हे मी आमच्या पोरांना बजावून ठेवलंय.

पहिल्या दिवशी सात गव्यांचा कळप. कळपाच्या मधोमध धरायचं असतं. पहिला आकडा ३८. कारवीची पानं. बटण बदललं, लांबचं धरायला लावलं, १६९. ते मागचं झाड असणार, कारण गवे तेवढे लहान दिसत नव्हते. अर्धं पाऊल डावीकडं सरकलो, पानांत ताटाएवढी फट मिळाली, काठीवर मूठ ठेवली. ११७. पुन्हा ११७. पुन्हा ११८. एवढ्या वेळात मोठ्या नरानं मान वर केली होती, फुसकारला, पण थांबला. होकायंत्र बघून कोन लिहिला आणि कळप झाडीत शिरला.

वहीत या वेळी ३७, ११७, ६४, ९१, १४२, २३ असे आकडे आहेत, एकही गोल नाही. फक्त तिसऱ्या दिवसाची एक नोंद वेगळी दिसते. त्या सकाळी धुकं सड्यावरून खाली उतरलं होतं, यंत्र नुसत्या रेघा दाखवत होतं, आणि समोर एक गवी वासरासह उभी होती. तिथं मी लिहिलंय: ‘२ गवे, अंतर मोजता आलं नाही.’